अकिवाटे साहेबाचे पाच फूट

अकिवाटे साहेब वारला. दुधाची पिशवी आणायला गेलो होतो, तिथं बाबू खोतानं सांगितलं. मी म्हणालो, "मेला काय? बरं झालं." बाबू माझ्याकडं बघतच राहिला. घरी आलो, पिशवी तशीच ओट्यावर टाकली. वाईट वाटलं असं म्हणणार नाही. राग आला. त्या माणसाशी माझं भांडण अजून मिटलं नव्हतं, आणि असं अर्ध्यातनं उठून जायचा त्याला काही अधिकार नव्हता.

तो नगररचनेच्या ऑफिसात नकाशे करायचा. मोठा साहेब नव्हे, मोठ्या साहेबांच्या हाताखालचा. पण मोठे साहेब बदलून जायचे आणि हा तिथंच असायचा, म्हणून आम्हाला साहेब तोच. बेताची उंची, शर्टाचा खिसा कायम शाईनं निळा झालेला. पाठीला पाण्याच्या पाइपचा एक तुकडा अडकवलेला, दोन्ही तोंडांना टोपणं, आणि आत नकाशे. लांबनं बघितलं तर बंदूक वाटावी. आमच्या गावानं त्याला तेच नाव ठेवलं होतं. त्याची खटारा स्कूटर ओढ्यापलीकडं वाजली की माणसं म्हणायची, "आली बंदूक."

माणसाचं नाव त्याच्या तोंडात कधी यायचं नाही. तो गट नंबरानं हाक मारायचा. सातबाऱ्यावर रानाचा जो नंबर असतो तो. "या, अठ्ठ्याण्णव, बसा." "दोनशे सहा, तुमचा चुलता कुठाय?" मी एकशे बेचाळीस. माझं नाव मल्लाप्पा आहे हे त्याला शेवटपर्यंत माहीत होतं का नाही, देव जाणे.

शहर आमच्या अंगावर येत होतं हे काही लपून नव्हतं. आधी गुऱ्हाळं गेली, मग मंगल कार्यालयं आली, मग गुंठा-गुंठा विकून कुठंही कशीही घरं उठली. तेव्हा सरकारनं नियम बदलले. गावाबाहेरची सगळी रानं नकाशावर एकत्र करायची, बांध पुसायचे, त्यातनं रस्ते, गटारं, बागा काढायच्या, आणि उरेल त्यातनं ज्याच्या त्याला प्लॉट परत द्यायचा. निम्मं परत आलं तरी हात जोडायचे. वर त्या प्लॉटांवर उंच इमारती बांधायला मोकळीक. म्हणजे घरं भरपूर होतील, स्वस्त होतील, कुणी उघड्यावर राहणार नाही. हे सगळं सांगायला अकिवाटे साहेब मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात आला.

पटांगणातल्या फरशीवर त्यानं नकाशा पसरला. कागद सारखा आपोआप गुंडाळत होता. त्यानं मान वर केली, गर्दीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "चार कोपऱ्यांना चार चपला द्या."

"पावणं, चप्पल कशाला? दगड आणू की," मी म्हणालो.

"दगड नको. तुमचीच द्या. तुमचा गट?"

"एकशे बेचाळीस."

"एकशे बेचाळीस, काढा डाव्या पायातली."

मी काढून दिली. माझी करकरणारी चप्पल, चांगली शेरभर वजनाची. अर्ध्या तासानं माझ्या ध्यानात आलं की यानं गर्दीतली सगळ्यात तोंडाळ चार माणसं हेरून त्यांच्याच चपला घेतल्यात. आता एका पायात चप्पल घालून सभा सोडून जायचं कसं? रागानं उठलो तर नकाशा गुंडाळणार आणि सगळी आपल्याकडंच बघणार. चौघं मुकाट बसलो. त्यानं सगळं सांगून संपवलं, मग चपला अशा परत दिल्या की जणू आमच्यावर उपकार केले.

पुढच्या सभेला मी मुद्दाम अनवाणी गेलो. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. "एकशे बेचाळीस, आज पायात काय नाही? बरं, मग हात ठेवा." आणि तासभर तो नकाशा मी माझ्या हातानं दाबून धरला. माझं रान कसं मोडणार ते माझ्याच हाताखाली. बाबू खोत हसून हसून बेजार झाला होता. बाबूचं रान माझ्या शेजारचं, एकशे त्रेचाळीस.

त्या सभेत मी ओरडून विचारलं, "शहरातल्यांना घरं पायजेत तर आमची रानं का? आम्ही बोलावलं व्हय त्यांस्नी?"

तो शांतपणे म्हणाला, "घर नसलेल्या माणसाला गट नंबर नसतो, एकशे बेचाळीस. म्हणून तो सभेला येत नाही. त्याची बाजू मांडायला मी आलोय."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

कुणाच्या घरी तो बसायचा नाही. चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. "एकाचा चहा घेतला की दुसऱ्याला वाटतं रस्ता त्याच्या रानातनं वळला." आमच्या गावात कुणी चहाला नाही म्हणणं म्हणजे वैर. पण माझ्या बायकोनं त्याचा हा नेम मोडला.

तिचं नाव गंगव्वा. माहेर नृसिंहवाडीच्या पलीकडचं, कृष्णाकाठचं. चाळीस वर्षं इथं राहूनही राग आला की तिच्या तोंडात कानडी यायची. साहेब मोजणी बघायला आमच्या रानात आला तेव्हा ती गोठ्यात धार काढत होती. तिनं तांब्या भरून दूध आणलं. हा नको म्हणाला. ती स्कूटरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, फेसाळता तांब्या त्याच्या नाकापुढं धरून.

"कुडी," ती म्हणाली. म्हणजे पी.

"अक्का, मी कुणाकडं घेत नाही."

तिनं कान टवकारले. "अक्का म्हणतोस? कुठला रे तू?"

"शिरोळकडचा."

"मग कुडी तम्मा! म्हशीनं दिलंय, म्हातारीनं न्हाय. म्हशीचा काय गट नंबर असतोय व्हय?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या संपवला. मिशीला फेस. "साकु, अक्का, साकु," पुरे म्हणत होता तरी तिनं परत भरला. मग तिनं विचारलं, "ह्या तुझ्या रस्त्यावनं माझ्या म्हशी जातील न्हवं?" तो मिशी पुसत म्हणाला, "रस्ता होईपर्यंत म्हशी राहतील का बघा आधी." तिनं त्याला कानडीत ज्या शिव्या घातल्या त्या मी इथं लिहीत नाही. तो पहिल्यांदा हसलेला मी तेव्हा बघितला.

त्याच्याकडनं तिनं दोन घोटांत सगळं काढून घेतलं. महापुरात याचं मातीचं घर बसलं. परत तिथंच बांधायला परवानगी मिळाली नाही, पूररेषेच्या आत होतं. तेव्हापासनं कोल्हापुरात भाड्यानं. अकरा महिन्यांचा कागद संपला की बिऱ्हाड टेम्पोत. कधी घरमालकाच्या पोराचं लग्न, कधी भाडं वाढलं, कधी नुसतंच नको. लग्न केलंच नाही. संध्याकाळी तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मग काय, त्याला घर न्हाय म्हणून मी माझं रान द्यायचं?"

"द्या म्हणत न्हाय मी. पण त्याला शिव्या घालताना जरा बघून घाला."

त्यानंतर वर्षभरात ती गेली. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा पोचली नाही. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. विभूती लावून, बेल वाहून, हातात इष्टलिंग देऊन. ज्याला रान आहे तो आपल्या रानात जागा देतो. तिनं जागा आधीच सांगून ठेवली होती. "मला गावच्या जागेत नका नेऊ. बांधाकडंला ठेवा, गोठ्याच्या समोर. म्हशी दिसल्या पायजेत." तसंच केलं. वर एक साधा उभा दगड बसवला. वर्ष झाल्यावर त्यावर लिंग आणि नंदी कोरून घ्यायचा, अशी आमची रीत. तोपर्यंत दर अमावास्येला मी त्याला चुना द्यायचो. लेक नेसरीत दिलेली, ती चार दिवस राहून गेली. मग मी, म्हशी आणि तो दगड.

घोळ त्या चुन्यानं केला.

मशीन घेऊन मोजणीवाले आले तेव्हा मी तालुक्याला गेलो होतो. त्यांची पद्धत अशी, की गटाच्या हद्दीचा दगड सापडला की त्याला चुना मारून ठेवायचा, म्हणजे पुढच्या फेरीला लांबनं दिसतो. बांधाजवळ यांना पांढरा उभा दगड दिसला. त्यांना वाटलं, आपल्याच कुणीतरी आधी खूण केलीय. त्यांनी तोच हद्दीचा दगड धरला. आणि नकाशात माझ्या आणि बाबूच्या रानाची हद्द तिथं पडली. खरी हद्द तिथनं पंचवीस फूट पलीकडं, बाभळीखाली.

नवा चाळीस फुटी रस्ता हद्दीवरनं जायचा होता, वीस फूट याच्यातले आणि वीस त्याच्यातले. म्हणजे रस्त्याच्या बरोबर मधोमध माझी बायको.

नकाशा चावडीत लावला तेव्हा मला तो वाचता आला नाही. चौथी शिकलेला माणूस मी. बाबूनंच बोट ठेवून दाखवलं आणि हळूच म्हणाला, "मल्लाप्पा, वहिनी हितं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात. आमच्या गावातनं योजनेविरुद्ध सगळ्यात आधी हरकत लिहून दिलेला माणूस मीच. माझ्या मागनं साठ-सत्तर जणांनी दिली होती. मला बघून त्याला वाटलं, परत भांडायला आला. म्हणाला, "बोला, एकशे बेचाळीस."

"तुझ्या आयला तुझ्या, तिथं गंगव्वा हाय!" मी एवढ्या जोरात ओरडलो की पलीकडच्या टेबलावरची बाई उठून उभी राहिली.

त्यानं नकाशा उघडला. चारी कोपऱ्यांना काहीच ठेवलं नाही, कागद गुंडाळत होता तरी तसाच बघत राहिला. मग त्यानं एकच विचारलं, "पुरताना परवानगी घेतलेली का? कुठं नोंद?"

"माझ्या रानात माझ्या बायकोला पुरायला कुणाची परवानगी?"

"म्हणजे नाही. मग कागदावर कबर लिहू नका. लिहिलं की ती हलवा म्हणतील."

त्या रविवारी तो आला. पाठीला बंदूक नव्हती. हातात पहार, लोखंडी टेप आणि एक पिवळा पडलेला जुना नकाशा, आमच्या आज्याच्या वेळचा. "बाभळीखालचा दगड सापडला तरच हद्द दुरुस्त करता येईल. नुसत्या तोंडच्या बोलण्यावर नाही." आम्ही दोघं खणत राहिलो. ऊन टाळूवर. त्याला पहार धरता यायची नाही, तळहाताला फोड आले. मी म्हणालो, "सोडा, तुमचं काम न्हवं हे." तो म्हणाला, "माझंच काम आहे, एकशे बेचाळीस." दुपार कलली तेव्हा कमरेइतक्या खड्ड्यात पहार ठणकन वाजली. दगड. त्यावर फुली कोरलेली. तो खड्ड्यातच खाली बसला.

मी त्याला पाणी दिलं. तो स्वतःच्या बाटलीतलं प्याला. असला माणूस.

आता हद्द बाभळीखाली गेली की रस्त्याची कड गंगव्वाच्या दगडापासनं पाच फुटांवर येत होती. पाच फूट. गंगव्वा वाचली. पण सगळं कधी सरळ असतंय? तो म्हणाला, "दुरुस्तीला दोन्ही गटांची संमती लागते. आणि ज्या गटाची योजनेला हरकत आहे त्याची दुरुस्ती आमच्या पातळीवर होत नाही, ती वर जाते. वर गेली की आहे तशी मंजूर होऊन येईल. हरकत मागं घ्यावी लागेल."

बाबूनं लगेच सही केली. चुकीच्या हद्दीनं त्याला पंचवीस फूट पट्टा फुकट मिळत होता, त्यावर पाणी सोडलं. गंगव्वाला नेताना त्याचाही खांदा होता.

माझी सही मात्र माझ्यानं होईना. मी हरकत मागं घेतली की बाकीचे ढासळणार, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. मी विचारलं, "साहेब, खरं सांगा. हे माझ्यासाठी करतायसा का योजनेसाठी?"

तो म्हणाला, "दोन्ही."

मी सही केली. आठ दिवसांत निम्म्या गावानं हरकती मागं घेतल्या. "मल्लाप्पानं घेतली, मग आपलं काय!" काही जण आजही माझ्याशी बोलत नाहीत. बायकोच्या नावावर विकला गेला म्हणतात. त्यांना मी काय सांगणार?

शेवटच्या नकाशात त्यानं आणखी एक केलं. माझा नवा प्लॉट ओढ्याकडंला, चिखलाचा दिला. पण तो बांधाचा कोपरा त्यानं कुणाच्याच प्लॉटात घातला नाही. "मोकळी जागा कुठंतरी सोडावीच लागते, इथं सोडतो." आणि तिच्या दगडावर त्यानं लाल शाईनं छोटी खूण काढून बारीक अक्षरात लिहिलं, "मोजणीचा दगड, हलवू नये." मोजणीचा दगड हलवला तर गुन्हा असतो. म्हणजे मशीनवाल्यांनी केलेली चूक त्यानं रस्त्यातनं काढली आणि तिच्यासाठी ठेवली. मी आनंदानं नाचावं अशी त्याची अपेक्षा असेल. मी म्हणालो, "म्हणजे सरकारदरबारी माझी बायको दगड." तो म्हणाला, "व्हय. दगडाला कुणी हात लावत नाही."

त्यावर नंदी कोरायचा तेवढा राहिला. कोरला की मोजणीचा दगड राहत नाही.

पुढचं मी बघितलं ते सांगतो. गोठा पाडला. म्हशी विकल्या. नेताना एक मागं वळून हंबरली, ते मला अजून ऐकू येतं. माझ्या उसाच्या जागेवर आठ मजली इमारत उभी राहिली. घरं झाली, भरपूर झाली. पण गॅलऱ्यांत दोरीवर कपडे मोजक्याच ठिकाणी. बाकीच्यांना कुलपं. मालक कुठं पुण्याला, कुठं परदेशाला. घर घ्यायचं ते राहायला नाही, ठेवायला. मोकळ्या जागेत लोखंडाची व्यायामाची यंत्रं बसवलीत. सकाळी माणसं त्यावर लोंबकळून पाय झुलवतात. गंगव्वाला म्हशी बघायच्या होत्या. आता हे दिसतं.

आणि तो, रिटायर झालेला, मला शेवटचा तिथंच दिसला. मी तिच्या शेजारी बाकावर बसलेलो. स्कूटर आली. पाठीला पाइप नव्हता, त्यामुळं माणूस निम्माच वाटत होता. इमारतीत शिरला, वॉचमनशी बोलला, पाच मिनिटांत बाहेर आला.

"काय साहेब, हिकडं कुणीकडं?"

"अकरा महिने संपले. खोली बघायला आलतो."

"मग? मिळाली?"

"मालक फोनवर म्हणाला, भाड्यानं द्यायची न्हाय. कुलूपच बरं."

माझ्या तोंडावर आलं ते मी बोललो. "तुमच्याच नकाशातली घरं हायती की! काढायची हुती एक स्वतःला."

त्यानं मान हलवली. "नकाशात कुलपं दिसत न्हाईत, एकशे बेचाळीस."

आमची चूक झाली, असं म्हणाला असता तर कदाचित मी त्याला बाकावर जागा दिली असती. पण म्हणाला नाही. तो दगडापाशी गेला, वाकला, बूट काढले. तिच्या दगडाला टाच टेकवून पावलाला पाऊल लावत रस्त्याच्या कडेकडं निघाला. ओठ हलत होते. कडेला पोचला आणि म्हणाला, "पाच."

"अजून मोजतायसा व्हय?"

"रस्ता सरकतो. आधी मुरूम टाकत्यात, मग फरशा बसवत्यात, मग पार्किंगची पांढरी रेघ मारत्यात. कुणी विचारून करत न्हाय. अधनंमधनं मोजत जावा."

बूट घातले. चार किका मारल्यावर स्कूटर लागली. कोपऱ्यावर वळताना त्यानं मागं बघितलं. माझ्याकडं नव्हे, दगडाकडं.

आता सातबारा नाही, प्लॉटचा वेगळाच नंबर आलाय, तो माझ्या ध्यानात राहत नाही. एकशे बेचाळीस म्हणून मला हाक मारणारं कुणी उरलं नाही. आज सकाळी मी गेलो, चपला काढल्या, दगडाला टाच टेकवली आणि मोजलं. साडेचार भरले. परत मोजलं. साडेचारच. रस्ता सरकला, का त्याच्या पावलापेक्षा माझं पाऊलच मोठं, हे सांगणारा माणूस मेला.